कलम सातचा खड्डा

भालचंद्र सबनीसांनी उभ्या आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं राहिले, तिथं उंदीर पकडला तरी तो पिंजऱ्यासकट चालत नेऊन रिंग रोडपलीकडे सोडून येत. अशा माणसाच्या नावावर युद्धाच्या तयारीतला एक अख्खा खंदक लागावा, याला नशीब म्हणा नाहीतर सरकारी नोकरी म्हणा. दोन्ही एकच.

झालं ते असं. त्या वर्षी सरकारनं सैन्य नेऊन सीमेवर बसवलं होतं. हिवाळ्यात बसवलं, उन्हाळा आला तरी ते बसलेलंच. नव्या तोफा घेणार, नवी विमानं घेणार, असं रोज कोणी ना कोणी जाहीर करी आणि टीव्हीच्या नव्या नव्या चॅनलांवर दिवसातून चारदा युद्ध सुरू होऊन जाहिराती लागल्या की थांबे. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी पावणेपाचला, म्हणजे सबनीसांनी डबा पिशवीत घातल्यावर, उपसचिवांनी त्यांना बोलावलं.

"सबनीस, नागरिकांनी काय तयारी करावी, यावर परिपत्रक पाहिजे. आज."

मंत्रालय कुठलं ते विचारू नका, तिथं अजून ओळखीची माणसं आहेत. पण कुठल्याही मंत्रालयात आज म्हटलं की काय करतात, ते सबनीसांना तेहेतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. जुनी फाईल मागवायची. रेकॉर्ड रूममधून एकाहत्तर सालची फाईल आली, तिच्यात तयार परिपत्रक होतं. आणि तेही काही त्या साली कुणी डोकं खाजवून लिहिलेलं नव्हतं, पासष्टची तारीख खोडून एकाहत्तरची घातलेली स्पष्ट दिसत होती. सबनीसांनी परंपरा पाळली. तारीख बदलली, टायपिस्टकडून उतरवून घेतलं, सही आणली आणि सव्वापाचची चार्टर्ड बस पकडली. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही. परिपत्रक हे काढण्यासाठी असतं, वाचण्यासाठी नसतं, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती.

तीन आठवड्यांनी ते परिपत्रक फिरत फिरत त्यांच्याच दारात आलं.

सबनीस तेव्हा गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले होते. रिटायर व्हायला दहा महिने उरले होते, आधी घर केलेलं बरं. सोसायटीत सगळं होतं, लिफ्ट होती, हिरवळ होती, गेटवर संगमरवरी पाटी होती. फक्त पाणी नव्हतं. नळजोडणीसाठी समोरचा रस्ता खोदायची परवानगी तीन वर्षं अडकली होती आणि तोवर टँकरसमोर बादल्या घेऊन अधिकाऱ्यांच्या बायका उभ्या राहत. सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी जिल्हा कार्यालयातून आलेला कागद फडकवत सभेत उभे राहिले.

"कलम चार," त्यांनी वाचलं. "मुर्गियाँ और मवेशी सुरक्षित स्थान पर ले जाए जाएँ." मग चष्मा वर केला. "भई, छठी मंज़िल पर किसकी भैंस है?"

सभा खो खो हसली. चौथ्या मजल्यावरचे बागचीबाबू, चार पेपर वाचणारे आणि एकावरही विश्वास न ठेवणारे, म्हणाले, "जिस गधे ने ये लिखा है, उसने फ्लैट देखा नहीं है ज़िंदगी में."

सबनीस छताकडे बघत राहिले. कागदावरच्या तारखेपुढचा अर्धविराम त्यांनी लांबूनच ओळखला होता. स्वतःच्या हातचा अर्धविराम बापाला लेकरू ओळखू यावं तसा ओळखू येतो. पण या क्षणी या लेकराला ओळख दाखवायची त्यांची छाती झाली नाही.

कलम सात असं होतं: प्रत्येक वसाहतीनं उपलब्ध मोकळ्या जागेत सहा फूट खोल खंदक खणावा आणि एक वॉर्डन नेमावा.

"लड़ाई-वड़ाई कुछ नहीं होगी," बागचीबाबू म्हणाले. "सरकार तीन साल में एक पाइप नहीं ला सकी, छह महीने में तोप लाएगी? और तोप आ गई तो चलाने के लिए परमिशन कौन देगा? वही रोड-कटिंग वाला बाबू?"

पुन्हा हशा. मग एकमतानं ठरलं की खंदक खणायचा नाही आणि वॉर्डन सबनीसजींना करायचं, कारण सरकारी माणूस आहे, कागद सांभाळील. घरी आल्यावर अलकाताईंनी विचारलं, "अहो, कोण हो तो गाढव, परिपत्रक लिहिणारा?" सबनीसांनी पाणी मागितलं. मग आठवलं की टँकर आलेला नाही.

आता इथं शेवंताबाईंची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोसायटीच्या गेटवरचे रखवालदार खंडेराव हे साताऱ्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शेवंताबाई त्यांची बायको. त्यांचा एकुलता एक दामू बापाच्याच पलटणीत होता आणि त्या हिवाळ्यापासून सीमेवर वाळूत खंदकात बसला होता. पत्र लवकर मिळावं म्हणून शेवंताबाई गाव सोडून नवऱ्याजवळ आल्या, आणि अख्ख्या जमनापारमध्ये, म्हणजे यमुनेच्या या काठाला, मराठी बोलणारं एकच घर सापडलं म्हणून दुपारभर अलकाताईंच्या स्वयंपाकघरात असत. ज्वारीच्या भाकरी त्या थापत आणि अलकाताई खात. हिंदी त्यांना थोडीफार कळे, पण बोलता येत नसे, आणि अक्षरओळखही नव्हती. दामूचं पत्र आलं की खंडेराव डबल ड्यूटीवर असत, म्हणून वाचून दाखवायचं काम सबनीसांचं.

आणि सबनीस पत्र वाचत ते ऑफिसात वाचल्यासारखं. म्हणजे नको ते गाळून. एप्रिलच्या पत्रात दामूनं लिहिलं होतं, सुरुंग पेरताना आमच्यातल्या एकाचा पाय गेला, रात्रभर ओरडत होता, आई, आम्ही इथं कशासाठी बसलोय ते कुणी सांगत नाही. सबनीसांनी वाचलं, "इकडे सर्व क्षेमकुशल आहे. हवा कोरडी आहे." शेवंताबाईंनी पत्र हातात घेतलं, उलटून पालटून बघितलं आणि घडी घालून कनवटीला लावलं.

सोमवारी ऑफिसात उपसचिवांना सबनीस वॉर्डन झाल्याचं कुठून तरी कळलं. झालं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. "बहुत अच्छा," उपसचिव म्हणाले. "जॉइंट सेक्रेटरी साहेबांना एखादी आदर्श वसाहत बघायची आहे, फोटो काढायचाय. लोकांचा उत्साह दिसला पाहिजे. तुमचीच सोसायटी दाखवू. आणि सबनीस, पुढच्या महिन्यात प्रमोशनची कमिटी बसतेय. अवर सचिव होऊन रिटायर व्हायचंय ना?"

व्हायचं होतं! फार व्हायचं होतं. पितळेची पाटी त्यांनी मनातल्या मनात दारावर लावूनसुद्धा टाकली होती: भालचंद्र सबनीस, अवर सचिव (निवृत्त). बरोबरीचे सगळे चढले आणि हे एकटेच पायरीवर राहिले होते, ते का, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मेव्हणे दर दिवाळीला "अजून सेक्शन ऑफिसरच का?" असं प्रेमानं विचारत. आता एक खड्डा खणला की तोंडं बंद.

पण खड्डा खणायला कुणी तयार होईना. हिरवळीवर मुलं खेळतात. हिरवळीवर चड्ढाजींची योगासनं असतात. हिरवळ खणली तर वास्तुदोष लागेल. सबनीस शिट्टी घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. शिट्टीच्या सरावाला माणसं आली नाहीत, सेक्टरभरची कुत्री मात्र नियमित येऊ लागली. मग त्यांनी ब्लॅकआऊटची तालीम ठेवली. साडेसातला सगळ्यांनी दिवे घालवायचे. पण साडेसातला गाझियाबादमध्ये वीज असतेच कुठं? शेवटी त्यांनी वीज कार्यालयाला रीतसर अर्ज केला की, दिवे बंद करण्याचा सराव करता यावा यासाठी एक तास वीज सुरू ठेवण्याची कृपा व्हावी. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

अडलेलं घोडं अखेर चड्ढाजींनी हलवलं. एका सकाळी ते टँकरच्या रांगेत उभे असताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते रिकामी बादली घेऊन सबनीसांकडे धावत आले.

"सबनीसजी! खंदक सीधा गेट के बाहर तक खोद दें तो? मेन पाइप तो वहीं है!"

सबनीसांना घाम फुटला. मग पितळेची पाटी दिसली. त्यांनी पत्र लिहिलं, 'राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने' अशी सुरुवात केली, आणि तीन वर्षं अडलेली परवानगी तीन दिवसांत हातात पडली. बागचीबाबूंनी तो कागद दोनदा वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की युद्धाचे काही फायदे आहेत, बिल्कुल आहेत. तीच सभा, तेच लोक, आता एकमुखानं म्हणाले, खंदक झालाच पाहिजे!

हरकत घेतली ती एकट्या खंडेरावांनी. "साहेब, खंदक असा सरळसोट खणत नाहीत. नागमोडी लागतो. सरळ खणला तर एका गोळ्यात सगळे खलास."

"पण पाइप नागमोडी कसा टाकणार, खंडेराव?"

"म्हणजे माणसं वाचवायची नाहीत. पाणीच आणायचंय." खंडेराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बरं. पाणी तर पाणी."

खोदकामाच्या पहिल्याच दिवशी टेलिफोनची तार तुटली. दुसऱ्या दिवशी टीव्हीची केबल. त्यामुळे पुढचे तीन दिवस आमच्या नायकाच्या सोसायटीत युद्ध झालंच नाही. लोक संध्याकाळी खाली येऊन गप्पा मारू लागले, बायका पत्ते खेळल्या, आणि सरकारच्या तोफांची कुणाला आठवणही आली नाही. चौथ्या दिवशी केबल जोडली आणि शत्रू पुन्हा हजर झाला. त्याच दिवशी सबनीस ऑफिसला निघाले असता पिशवी आणि डब्यासकट खंदकात पडले. गुडघा फुटला. त्या अख्ख्या मोहिमेत सोसायटीच्या बाजूनं जखमी झालेले ते एकमेव. चड्ढाजींनी वरून वाकून विचारलं, "सबनीसजी, पाइप को तो नहीं लगी?"

अखेर रविवार उजाडला. सकाळी दहाला लाल दिव्याची गाडी आली. जॉइंट सेक्रेटरी साहेब उतरले, मागून उपसचिव, मागून फोटोग्राफर. सोसायटी झाडून सारी हजर होती, कारण साडेदहाला पाइपात पाणी सोडायचं ठरलेलं होतं. साहेबांना अर्थात हे ठाऊक नव्हतं. एवढी गर्दी, नटलेल्या बायका, सहा मजले भरून माणसं बघून साहेब गहिवरले. पाइपावर सबनीसांनी वाळूची पोती रचून ठेवली होती.

"वाह!" साहेब म्हणाले. "लोग कहते हैं जनता साथ नहीं है. ये देखिए!"

फिरत फिरत ते गेटशी आले. खंडेरावांनी कडक सलाम ठोकला. त्यांचा मुलगा सीमेवर आहे हे कळताच साहेबांचा चेहरा उजळला, त्यांनी फोटोग्राफरला खूण केली आणि बाजूला पदर घेऊन उभ्या असलेल्या शेवंताबाईंना विचारलं, "माताजी, बेटा सरहद पर है. गर्व है ना?"

सबनीस पुढं झाले. "साहेब विचारतायत, दामूचा अभिमान वाटतो ना?"

शेवंताबाईंनी साहेबांकडे बघितलं, मग खंदकाकडे.

"लेकाचा अभिमान हाय की. त्यात काय इचारायचं? पण त्यास्नी सांगा दादा, माजं पोर पाच महिनं झालं असल्याच खड्ड्यात बसलंय. कशापायी बसलंय त्ये त्याला ठावं न्हाई, मला न्हाई, आन् टीव्हीवर वरडणाऱ्यास्नी बी न्हाई. हितं तुमी खड्डा खणला त्यो पान्यासाठी. ह्यात बसायला कुनी बी यायचं न्हाई, ही सगळी हसत्यात रोज. मग माजंच पोर का बसवलंय? लढाई नसंल करायची तर धाडा त्याला घरी. आन् करायचीच असंल, तर ज्यानं ह्यो कागुद लिव्हला त्याला बसवा आदी ह्या खड्ड्यात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

उपसचिव डोळ्यांनी खुणावत होते. पाटी अगदी हाताच्या अंतरावर होती.

"सर," सबनीस म्हणाले, "कहती हैं, बहुत गर्व है. एक और बेटा होता तो वो भी देश को देती."

"वाह! लिखिए, लिखिए!" साहेब म्हणाले.

शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. "दादा, म्या येवढं बोलले आन् तुमचं येवढ्यात झालं? दुसरा लेक कुटनं आनला? हाय त्यो एक मी देत न्हाई कुनाला." मग हलक्या आवाजात, फक्त सबनीसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पत्र वाचताना बी तुमी असंच करता. त्या पोराचा पाय गेलेला तुमी गाळलात. वैनींनी वाचून दावलं मला नंतर. म्या म्हनलं, दादा भला मानूस हाय, मला वंगाळ वाटू नये म्हनून गाळलं आसंल. पर आज कुनासाठी गाळताय?"

सबनीसांनी मान वळवून पाहिलं. अलकाताई बायकांत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या. एवढी लाज त्यांना खंदकात पडल्यावरसुद्धा वाटली नव्हती. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवली, आणि एका आईचं बोलणं जसंच्या तसं पोचवता येईना!

"सर," त्यांनी खाकरून सुरुवात केली, "मुझसे अनुवाद में गलती हुई." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. पाणीसुद्धा सांगितलं. चड्ढाजींनी कपाळावर हात मारला. शेवटी आले कागद लिहिणाऱ्यावर.

साहेब थंडपणे म्हणाले, "किसने लिखा है?"

उपसचिव बुटांची लेस बांधायला खाली वाकले.

"मैंने, सर. पुरानी फ़ाइल से." असं म्हणून, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, सबनीसांनी चप्पल काढली, दुखरा गुडघा सांभाळत शिडीवरून खंदकात उतरले आणि इस्त्रीच्या सफारीसकट तळाशी बसले. बागचीबाबूंनी वरून डोकावून बघितलं. "अरे, तो वो गधा..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी आपली टोपी काढली.

आणि बरोबर साडेदहाला, ठरल्याप्रमाणे, प्लंबरनं रस्त्यावरची चावी फिरवली. पाइप गुरगुरला. सबनीसांच्या पाठीशी असलेला सांधा सुटला आणि कारंजं थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत उडालं.

"पानी! पानी आ गया!" सहा मजले एका आवाजात ओरडले. बायकांनी टाळ्या पिटल्या, पोरं नाचली, चड्ढाजींनी साहेबांनाच मिठी मारली. फोटोग्राफरनं धडाधड फोटो काढले. मंगळवारी एका पेपरात तो फोटो आला. भिजलेले, हात उंचावलेले, आनंदानं वेडे झालेले लोक, आणि खाली ओळ होती: युद्धसज्जतेला जनतेचा उदंड प्रतिसाद. साहेब त्या फोटोवर इतके खूश झाले की गेटवरचं सगळं विसरायला तयार झाले. उपसचिव म्हणाले, "सबनीस, नशीबवान आहात. आता दोन पानी अहवाल लिहा, फोटो जोडा, विषय संपला. कमिटी गुरुवारी आहे."

सबनीसांनी बुधवारी अहवाल लिहिला. लोक पाण्यासाठी जमले होते, असं लिहिलं. खंदकात लपायला एकही रहिवासी तयार नाही, युद्ध व्हावं असं एकानंही म्हटलं नाही, असं लिहिलं. शेवंताबाईंचं बोलणं मराठीत जसंच्या तसं उतरवलं, खाली अनुवाद दिला, पानाला सत्तेचाळीस नंबर घातला आणि फाईल वर पाठवली. उपसचिव लालबुंद झाले, पण नंबर पडलेलं पान फाईलमधून काढता येत नाही, हा नियम त्यांच्याही बापाला मोडता आला नसता. त्यांनी शेऱ्यात 'कृपया चर्चा करा' असं लिहिलं आणि चर्चा कधीच केली नाही. गुरुवारी कमिटी बसली आणि उठली. सबनीस होते तिथंच राहिले.

दिवाळीच्या सुमारास सैन्याला परत फिरायला सांगितलं गेलं. का नेलं होतं आणि का आणलं, याचं परिपत्रक निघालं नाही. दामू सुट्टीवर आला, दोन्ही पायांवर चालत आला. गेटशी नव्या नळाखाली त्यानं डोकं धरलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. शेवंताबाई शेजारी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. सबनीस खिडकीतून बघत होते, तर त्यांनी हाक मारली, "दादा, या की! ह्याला इचारा काय त्ये, आता सगळं त्योच सांगंल." सबनीसांना भरून आलं. मेव्हण्यांनी त्या दिवाळीलाही तोच प्रश्न प्रेमानं विचारला. या खेपेला अलकाताईंनीच उत्तर दिलं. काय दिलं ते सांगत नाही, पण मेव्हणे चकलीकडे वळले.

निवृत्तीच्या दिवशी सबनीसांनी शेवटचं काम केलं ते त्या फाईलचं. आत एक नवा मसुदा लावला, पुढच्या वेळेला सोपं पडावं म्हणून. कोंबड्या आणि गुरं तशीच ठेवली, फक्त कलम सात सुधारलं: 'खंदक तयार होताच त्यात सर्वप्रथम हे परिपत्रक लिहिणाऱ्याने, त्यावर सही करणाऱ्याने व ते काढण्याचा आदेश देणाऱ्याने बसावे. अन्य कुणाच्या मुलास त्यानंतरच बसवावे.' मग वेष्टनावर 'कायम जतन' असा शिक्का मारला आणि फाईल रेकॉर्ड रूममध्ये पाठवून दिली.

आता ती तिथं आहे. पुन्हा कधीतरी कुणाला तरी युद्धाची हुक्की येईल. त्या दिवशी शुक्रवार असेल, पावणेपाच झालेले असतील, कुणी तरी सेक्शन ऑफिसर डबा पिशवीत घालून ही फाईल मागवील. सबनीसांचा आपल्या खात्यावर पूर्ण विश्वास आहे. तो माणूस वाचणार नाही. तारीख तेवढी बदलेल आणि सही घेऊन बस पकडेल.